वीस रुपये जास्त

महिनाअखेरीला पैसे कमी पडतात, ते मला जमतं.
त्यावर उपाय आहेत माझ्याकडे :
फोडणीची पोळी, ताकाची कढी,
खंडेराव मार्केटात रात्री आठनंतर जाणं,
मेथी जेव्हा स्वतःच दमून भाव सोडते.
पण पैसे जास्त निघाले तर काय करायचं,
हे आईनं शिकवलं नव्हतं.

हिंगाच्या जुन्या डब्यात,
(अजून वास आहे, नोटांनासुद्धा)
वहीपेक्षा वीस रुपये जास्त.
तीनदा मोजले.
बुधवारी पुन्हा वीस.
गुरुवारी काही नाही.
शुक्रवारी वीस, तेही दहा-दहाच्या
घडी घातलेल्या दोन नोटा,
एकीला कोपरा नाही.

आधी स्वतःवरच संशय घेतला.
दूध दोनदा लिहिलं असेल.
इस्त्रीवाल्याचे लिहिले आणि दिलेच नसतील.
मग जयंतीभाईंच्या दुकानात जाऊन उभी राहिले,
म्हटलं, सुट्टे देताना चुकलात का कधी?
त्यांनी चष्मा वर केला,
"बेन, चोपडो बरोबर छे,"
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसं सिंगतेलाचा भाव उतरल्याची बातमी
मीच घेऊन आले आहे.

शलाका म्हणाली, आई,
घरात पैसे कोण ठेवतंय याची चौकशी?
लोक उलटं करतात.

नाहीतरी मला हिशेब आवडतो.
कोणाला सांगत नाही, कंजूष म्हणतील.
रात्री ओटा पुसून झाला,
कुकरची शिट्टी वाळत पडली,
की औषध कंपनीच्या फुकट डायरीत
दिवसभराचं घर एका पानावर बसतं :
कोथिंबीर पाच, वहीचं कव्हर बारा,
गॅसवाल्या पोराला वर दहा, कारण तिसरा मजला.
बेरीज जुळली की पाठ टेकायला बरं वाटतं.
हे वीस रुपये
मला आठ दिवस झोपू देत नव्हते.

मग परवा जेवताना
हे शलाकाला सांगायला लागले,
आज विश्वामित्रीत मगर दिसली.
काळ्या घोड्याजवळच्या पुलाखाली,
गाळावर पाठ शेकत पडली होती.
डोळा मिटलेला, एकच.
शेपटीपाशी निळी पिशवी अडकलेली,
आणि एक बगळा, घाबरायचं की नाही
हे ठरवत असलेला.

मी आमटी वाढता वाढता थांबले.
शटल रिक्षात चौघांच्या मध्ये चेपून
अलकापुरीहून येणाऱ्या माणसाला
बगळ्याच्या मनातलं दिसत नाही.
त्यासाठी कठड्याला कोपर टेकून
बराच वेळ उभं राहावं लागतं.
त्यासाठी चालत यावं लागतं.

काही बोलले नाही.
ह्यांनी न मागताच आणखी भात घेतला.

सकाळी दाराशी चपला उलट्या करून पाहिल्या.
उजवी टाच बशीसारखी झिजलेली.
न्यायमंदिराजवळ बसतो त्या चांभाराकडून
नवी टाच मारून आणली, सत्तर रुपये.
वहीत लिहिलं : प्रवास.
ह्यांनी पान उघडून वाचलं असावं,
कारण संध्याकाळी येताना
तोंडाने शीळ होती, बेसूर,
आणि डब्यात वीस रुपये.

बेरीज अजूनही नीट जुळत नाही.
वीस जमा, पण कुठून, हे कुठे लिहू?
पगाराचा रकाना आहे, व्याजाचा आहे,
एका माणसाच्या तीन किलोमीटरचा नाही.

रविवारी तिघंही पुलावर गेलो.
पाऊण तास उभे.
मगर आली नाही.
शलाकानं एका ओंडक्याला मगर म्हणून पाहिलं,
आम्ही दोघांनी होकार दिला.
खारे शेंगदाणे, तीन पुड्या, तीस रुपये.
ह्यांनी विचारलं, कशात धरणार?
म्हटलं, बघू घरी गेल्यावर.

घरी गेल्यावर डाळ भिजत घालायची होती.
ते तीस रुपये अजून वहीत नाहीत.